९८.६ पर्सेंटाइल आणि सीओईपी: एका अर्जाचा पूर्ण हिशेब

प्रश्न एका ओळीचा होता: "मुलीला ९८.६ आहेत, सीओईपी मिळेल का?" सीओईपी म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय. सोबत घरच्यांचं उत्तरही तयार होतं. मामेबहिणीला गेल्या वर्षी ९८.२ होते आणि तिला मिळालं होतं. हिला तर त्याहून जास्त आहेत, म्हणजे मिळायलाच हवं.

हे प्रकरण दरवर्षी जून-जुलैमध्ये समोर येणाऱ्या अनेक अर्जांमधून जुळवलेलं आहे. यातली विद्यार्थिनी कोणी एक मुलगी नाही. पण तिच्या अर्जातली प्रत्येक अडचण नेहमी दिसणारी आहे. परीक्षा २०२५ ची एमएचटी-सीईटी, म्हणजे अभियांत्रिकी प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) गट. मुलगी सांगली जिल्ह्यातली, दहावी तिथलीच, अकरावी-बारावी लातूरला. प्रवर्ग ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आहे, जात वैधतेचा अर्ज केलेला आहे पण हातात फक्त पावती. लक्ष्य पुण्याचं सीओईपी. १८५४ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालं, तरी तिथल्या बी.टेक.च्या जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधूनच भरल्या जातात.

मिळेल की नाही, हा प्रश्न असाच्या असा सोडवता येत नाही. कोणत्या शाखेत, कोणत्या प्रकारच्या जागेवर, कितव्या फेरीत, असे त्याचे तुकडे करावे लागतात. त्याही आधी ९८.६ हा आकडा बाजूला ठेवावा लागतो.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतला नंबर नव्हे

सीईटी अनेक सत्रांत होते. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती टक्के मुलांना आहेत, ते म्हणजे पर्सेंटाइल. हा आकडा दशांशाच्या पुढे सात स्थळांपर्यंत काढतात, आणि शेवटची स्थळं खरोखर उपयोगी पडतात, कारण वरच्या टोकाला एकेका सहस्रांशात कित्येक मुलं उभी असतात. एक चूक हमखास होते: गणित, भौतिक आणि रसायन या तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल ताडून पाहतात. ते जुळत नाही, जुळणारही नाही. एकूण पर्सेंटाइल २०० पैकी मिळालेल्या एकूण गुणांवरून वेगळं काढलेलं असतं, आणि त्या २०० मध्ये एकट्या गणिताचे १०० असतात. विषयवार आकडे कामाला येतात ते बरोबरी झाल्यावर. दोघांचं एकूण पर्सेंटाइल सारखं असेल तर आधी गणिताचं बघतात, मग भौतिकशास्त्राचं, मग रसायनशास्त्राचं.

आता मामेबहिणीकडे वळू. २०२४ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे २.९५ लाख मुलांनी दिली. २०२५ मध्ये हाच आकडा सुमारे ४.२२ लाखांवर गेला. ९८.२ म्हणजे वरच्या १.८ टक्क्यांची कड, २.९५ लाखांचे १.८ टक्के म्हणजे सुमारे ५,३००. ९८.६ म्हणजे वरच्या १.४ टक्क्यांची कड, ४.२२ लाखांचे १.४ टक्के म्हणजे सुमारे ५,९००. पर्सेंटाइल जास्त असूनही ही मुलगी रांगेत मामेबहिणीच्या सहाशे जागा मागे आहे. ५,९०० व्या क्रमांकाला २०२४ मध्ये साधारण ९८.० पर्सेंटाइल पडलं असतं. म्हणजे २०२४ च्या कट-ऑफशी तुलना करायचीच, तर हिने ९८.० घेऊन करायची.

महाविद्यालय जागा भरतं ती क्रमांकाने. मागे किती लाख मुलं उभी आहेत याचा शेवटच्या खुर्चीशी काही संबंध नाही. पुढे किती जण आहेत एवढाच संबंध. परीक्षेला बसणारे वाढले की तोच क्रमांक जास्त पर्सेंटाइलवर दिसतो, आणि कट-ऑफ "वाढला" असं सगळीकडे बोललं जातं. जागा तेवढ्याच असतात, क्रमांकही जवळपास तेवढाच असतो, फूटपट्टी तेवढी बदललेली असते.

म्हणून पहिली पायरी: अंदाजापुरता क्रमांक काढा, पण खरा हिशेब राज्याच्या मेरिट यादीतला नंबर आल्यावरच करा. हा नंबर काढलेल्या अंदाजापेक्षा बहुधा थोडा अलीकडचा असतो, कारण परीक्षा दिलेले सगळेच कॅपसाठी नोंदणी करत नाहीत आणि काहींची बारावीच्या गुणांची किमान अट पूर्ण होत नाही. या प्रकरणात अंदाज ५,९०० चा होता, पुढच्या हिशेबासाठी मेरिट नंबर ५,४१० धरू.

तात्पुरती मेरिट यादी लागते तेव्हा नंबर बघून आनंदाने पान बंद करू नका. नाव, प्रवर्ग, लिंग, उमेदवारीचा प्रकार, होम युनिव्हर्सिटी, उत्पन्नाची नोंद, हे सगळं तिथे छापलेलं असतं. हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांची असते. त्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर चुकलेल्या प्रवर्गानेच पहिली फेरी लढावी लागते.

कट-ऑफचं पान वाचताना

सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर महाविद्यालयवार कट-ऑफची पीडीएफ काढतो. प्रत्येक शाखेखाली रकान्यांची ओळ असते आणि प्रत्येक रकान्यात दोन आकडे: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. जवळजवळ सगळे पालक कंसातला आकडा वाचतात. वाचायचा तो वरचा.

रकान्याचं नाव हा खरं तर पत्ता असतो. पहिलं अक्षर जी असेल तर ती सर्वांसाठीची जागा, एल असेल तर मुलींसाठी राखलेली. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, एससी, एसटी, व्हीजे, एनटी-१, एनटी-२, एनटी-३, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग). शेवटचं अक्षर एस असेल तर जागा राज्यस्तरीय, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीवाल्यांची, ओ म्हणजे त्या विद्यापीठ क्षेत्राबाहेरच्यांची. जिथे एच आणि ओ अशी विभागणी आहे तिथे प्रमाण ७०:३० असतं. सीओईपीच्या जागा राज्यस्तरीय, म्हणून तिथे एस.

या मुलीला सीओईपीत चार रकाने खुले आहेत: जी-ओपन-एस, एल-ओपन-एस, जी-ओबीसी-एस, एल-ओबीसी-एस. घरच्यांनी फक्त "ओबीसी" असा एकच रकाना पाहिला होता. मोबाइलवरच्या कॉलेज-प्रेडिक्टरने तर शेवटच्या फेरीचा जी-ओबीसी घेतला होता आणि त्यावर हिरवी खूण करून दिली होती. उलटी चूकही होते: मुलगा असून एल च्या रकान्यातला सैल कट-ऑफ वाचून आशा लावून बसणारी घरं कमी नाहीत. शिवाय ऑल इंडिया जागांचा कट-ऑफ वेगळा निघतो. त्या जागा जेईई मेनवर भरतात आणि त्यातला मेरिट नंबर वेगळ्याच यादीतला असतो. तो या हिशेबात मिसळला की सगळंच बिघडतं.

होम युनिव्हर्सिटीबद्दल घरात खात्री होती: आपण सांगलीचे, म्हणजे शिवाजी विद्यापीठ. पण दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरते. हिची बारावी लातूरची, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. सीओईपीपुरता याने फरक पडत नाही. पुण्याच्या खासगी महाविद्यालयांतही ती आधी "ओ" होती, आताही "ओ" आहे. फरक पडला तो परतीच्या वाटेत: सांगली-कोल्हापूरकडची जी महाविद्यालयं "हमखास" म्हणून यादीच्या तळाशी लिहिली होती, त्यातल्या एच जागांवर तिचा हक्क नाही. तिथेही ती ३० टक्क्यांत. क्लास एका गावी आणि कनिष्ठ महाविद्यालयात नाव दुसऱ्या गावी, अशी व्यवस्था असेल तर क्लास कुठे केला याला अर्थ नसतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची गुणपत्रिका ज्या महाविद्यालयाची, तेच गाव धरलं जातं.

रकान्यात खुर्च्या किती

कट-ऑफमध्ये न दिसणारी आणि शक्यता ठरवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. समजा एका शाखेत ६० जागा आहेत. ओबीसीला १९ टक्के, म्हणजे सुमारे ११. त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी, म्हणजे ३. उरल्या ८ जी-ओबीसी. एनटी-३ ला २ टक्के, म्हणजे जेमतेम एक जागा.

आठ खुर्च्यांच्या रकान्यातला शेवटचा नंबर दरवर्षी थोडाफारच हलतो. तीन खुर्च्यांच्या रकान्यात तिसऱ्या मुलीने ऐनवेळी मुंबईचं व्हीजेटीआय निवडलं, तर तो हजाराने घसरतो. एका खुर्चीच्या रकान्याचा गेल्या वर्षीचा कट-ऑफ म्हणजे एका मुलीचा नंबर, बाकी काही नाही. त्यावरून यंदाचं भाकीत करणं म्हणजे एका पावसावरून पंचांग लिहिणं.

हिशेब कागदावर कसा मांडायचा ते दाखवण्यासाठी नमुन्याचे आकडे घेऊ. एका शाखेत जी-ओबीसी-एस रकान्याचे तीन वर्षांचे शेवटचे मेरिट नंबर ४,६००, ४,९०० आणि ४,७५०. जागा ८. मुलीचा नंबर ५,४१०, म्हणजे तिन्ही वर्षांतल्या सगळ्यात सैल कट-ऑफच्याही दहा टक्के पलीकडे. रकाना स्थिर, म्हणून इथे आशा धरायची नाही. त्याच शाखेत एल-ओबीसी-एस चे आकडे ४,३००, ६,१०० आणि ५,२००. जागा ३. दोन वर्षं तिला मिळालं नसतं, एक वर्ष मिळालं असतं. हा रकाना हलता, म्हणून इथे शक्यता खरी आहे, पण ती अर्ध्याहून कमी. दुसऱ्या एका शाखेत दोन्ही रकाने ८,९०० च्या पुढे बंद होतात. तिथे तिचा नंबर तिन्ही वर्षांच्या सगळ्यात कडक आकड्याच्याही बराच आत आहे, म्हणून ती शाखा पक्की धरता येते.

कामाचा नियम असा. तिन्ही वर्षांच्या सगळ्यात कडक कट-ऑफच्या आत असाल तर "पक्कं". कडक आणि सैल यांच्या मध्ये असाल तर "डळमळीत". सैलच्याही बाहेर असाल तर "दूर". आणि सैल आकड्याच्या सव्वापट पुढे गेलात तर तो पर्याय इच्छा म्हणून लिहा, हिशेबात धरू नका. रकान्यात एक-दोनच जागा असतील तर "पक्कं" हा शब्द वापरायला तुमचा नंबर कडक कट-ऑफच्या निम्म्याच्या आसपास तरी हवा.

तीन वर्षं घ्या म्हणताना एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. २०२१ ते २०२३ या वर्षांत एसईबीसी प्रवर्गाच्या जागा नव्हत्या. २०२४ पासून १० टक्के आल्या. त्यामुळे खुल्या रकान्याचे २०२३ आणि आधीचे आकडे आजच्या खुल्या रकान्याशी तोलता येत नाहीत. ओबीसीचं प्रमाण १९ टक्केच राहिलं, पण २०२३ च्या अखेरीपासून कुणबी नोंदी सापडलेल्या अनेक कुटुंबांना प्रमाणपत्रं मिळाली आणि या रकान्यातले स्पर्धक वाढले. याखेरीज २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) शाखेच्या प्रवेश क्षमतेवरची वरची मर्यादा काढली, आणि बऱ्याच खासगी महाविद्यालयांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. म्हणून २०२४ च्या आकड्याला जास्त वजन द्यायचं, २०२३ च्या आकड्याला कमी, आणि खासगी कॉम्प्युटरच्या बाबतीत या वर्षीची जागांची यादी उघडून क्षमता किती आहे ते आधी बघायचं.

एकाच मुलीचा हिशेब दोनदा

आतापर्यंतचं सगळं ती ओबीसी उमेदवार म्हणून धरली जाईल या गृहीतावर उभं आहे. ते गृहीत कागदांवर टिकतं का, हे मेरिट यादीच्या आधी तपासायला हवं होतं.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र होतं, पण त्यावर वैधता ३१ मार्च २०२५ पर्यंत लिहिलेली. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. प्रमाणपत्र आहे म्हणून फाइल बंद केली जाते आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख कुणी वाचत नाही, हे इतक्या वेळा घडतं की कागदपत्रं पाहताना सुरुवात तिथूनच करावी. नवीन प्रमाणपत्रासाठी उत्पन्नाचे पुरावे घेऊन सेतू केंद्रातून अर्ज करावा लागतो, आणि जूनमध्ये तिथे राज्यभराची गर्दी असते. मेमध्ये केला असता तर आठवड्याचं काम होतं.

जात वैधता जास्त गंभीर. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती चालेल का, आणि मूळ प्रमाणपत्र किती दिवसांत द्यावं लागेल, हे त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर ठरतं. सवलत मिळते त्या वर्षीही मुदत संपेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. समितीने त्रुटी काढलेली असेल, म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी मागितलेल्या असतील, तर पावतीचं वजन आणखी कमी होतं. म्हणून पावतीची तारीख पुरेशी नाही. समितीच्या पोर्टलवर अर्जाची आजची स्थिती काय दिसते, तेही बघायचं.

यासाठी दोन कागद केले. पहिल्यावर चार रकाने, दुसऱ्यावर दोन: जी-ओपन-एस आणि एल-ओपन-एस. पहिल्या कागदावर सीओईपीतल्या काही शाखा "पक्कं" आणि काही "डळमळीत" अशा आल्या. दुसऱ्या कागदावर "पक्कं" मध्ये आलेल्या शाखा एकेक करून "डळमळीत" मध्ये सरकल्या आणि डळमळीत होत्या त्या गेल्या. घरच्यांना हे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा पुण्याच्या क्लासमधल्या समुपदेशनापेक्षा तालुक्याच्या कचेरीतला फेरा जास्त महत्त्वाचा आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

शुल्काचाही इथेच संबंध येतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या कोट्यातून घेतला तर नाही. वसतिगृह, खाणावळ आणि इतर शुल्कं यात येत नाहीत, ती धरूनच पुण्याचं वर्षाचं बजेट मांडायचं. टीएफडब्ल्यूएसच्या जागा म्हणजे ५ टक्के वाढीव, शिक्षण शुल्क माफीच्या जागा. त्यांचा कट-ऑफ बहुतेक वेळा त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा कडक असतो, आणि त्यांचा कोड स्वतंत्र लिहावा लागतो. जात वैधता मुदतीत आली तर या मुलीला शुल्कमाफी तशीही मिळणार, म्हणून टीएफडब्ल्यूएससाठी धडपड करण्याचं कारण नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी उत्तर वेगळं आलं असतं.

पाच डळमळीत मिळून एक पक्कं होत नाही

यादीत पाच पर्याय "डळमळीत" होते. घरात कुणीतरी गणित केलं: प्रत्येकाची शक्यता ४० टक्के धरली तर पाचही हुकण्याची शक्यता ०.६ चा पाचवा घात, म्हणजे ८ टक्क्यांच्या आत. म्हणजे ९२ टक्के मिळणारच. गणित बरोबर आहे, पण ते लागू नाही. नाणी पाच वेळा उडवली तर हा हिशेब चालतो, कारण एका नाण्याला दुसऱ्याचं काही कळत नाही. इथे पाचही रकान्यांत तीच मुलं उभी आहेत. यंदा ओबीसी मुलींची यादी वरच्या बाजूला दाट असेल, तर पाचही कट-ऑफ एकदम कडक होतात. विरळ असेल, तर एकदम सैल. पाच पर्यायांची मिळून खरी शक्यता ४० पेक्षा जास्त आहे, पण ९२ च्या जवळपासही नाही. पन्नाशीच्या थोडी वर धरणं शहाणपणाचं.

यातून निघणारा उपाय सरळ आहे: डळमळीतच्या खाली किमान चार-पाच "पक्कं" पर्याय हवेत, आणि ते सगळे एकाच प्रकारच्या रकान्यावर अवलंबून नसावेत. एक ओबीसी-मुली रकान्यावर पक्का, एक खुल्या-मुली रकान्यावर पक्का, एक अन्य शहरात.

क्रम

सीओईपीची कोणतीही शाखा चालेल, की कॉम्प्युटरच हवं आणि महाविद्यालय कोणतंही चालेल? याचं उत्तर शक्यतेचा कागद उघडण्याआधी घ्यायला हवं, कारण तो पाहिल्यावर माणूस जे मिळतंय तेच हवं होतं असं म्हणू लागतो. या मुलीला विचारल्यावर तिने नीट सांगितलं: मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन सीओईपीत मिळालं तर आनंदाने घेईन, पण सिव्हिल आणि पुण्यातल्या चांगल्या खासगी महाविद्यालयातलं कॉम्प्युटर यांत कॉम्प्युटर निवडीन. हे उत्तर सोन्यासारखं आहे. यादीचा कणा तिथेच तयार झाला. वडिलांचा आग्रह सीओईपीच्या नावासाठी होता, तो समजण्यासारखा आहे. पण चार वर्षं वर्गात मुलीला बसायचं आहे. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या भरवशावर क्रम लावू नये. अशा जागा थोड्या असतात आणि त्यासाठी वर्गातले सगळे हुशार रांगेत असतात.

अशक्य पर्याय वर लिहिले तर खालचे मिळण्याची शक्यता घटते, हा गैरसमज फार घट्ट आहे. वाटप मेरिट नंबरानुसार होतं. तुमची पाळी आली की संगणक तुमच्या यादीत वरून खाली बघत येतो आणि रिकामी असलेली पहिली जागा देतो. वरच्या दहा जागा भरलेल्या असल्या तरी अकरावीसाठी तुमचा हक्क तेवढाच राहतो.

धोका आहे तो उलट्या बाजूने, आणि २०२५ पासून तो वाढला. त्या वर्षापासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा मिळाला, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते. प्रवेश घ्यायचा, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. मग "आधी एक सुरक्षित जागा पकडून ठेवू, नंतर सुधारू" म्हणून घराजवळचं महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिलं की काय होतं, ते उघड आहे. पहिल्याच फेरीत ते मिळतं आणि दारं बंद होतात. बेटरमेंटचा, म्हणजे हातातली जागा ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबण्याचा, मार्गच राहत नाही.

या अर्जात म्हणून पहिले सहा पर्याय तिला मनापासून हवे असलेले पण "दूर" असलेले घेतले: सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर, सीओईपी इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम, पुण्यातल्या पीआयसीटी या खासगी महाविद्यालयातलं कॉम्प्युटर आणि त्याच पट्टीतले आणखी दोन. सीओईपी कॉम्प्युटरचा खुला कट-ऑफ ९९.९ च्या घरात असतो. हे मिळणार नाहीत हे ठाऊक आहे. मिळालेच तर ती नाचत जाईल. सातव्यापासून डळमळीत, तिच्या आवडीच्या क्रमाने. त्याखाली पक्के. या रचनेमुळे तिला खरोखर मिळू शकणारा कोणताही पर्याय पहिल्या तीन फेऱ्यांत आपोआप पक्का होत नाही. नववा मिळाला तर १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून तो हातात ठेवायचा आणि बेटरमेंट निवडायचं. पुढच्या फेरीत आठवा मिळाला तर नववा आपोआप सुटतो आणि परत मिळत नाही. म्हणून वरती लिहिलेलं प्रत्येक नाव खालच्यापेक्षा खरंच जास्त हवंय ना, हे दर फेरीआधी पुन्हा विचारायचं. वरच्या सहांत केवळ भरती म्हणून नको असलेलं नाव टाकायचं नाही, कारण वर्ष उलटसुलट गेलं तर तेच गळ्यात पडतं.

फेऱ्यांमध्ये कट-ऑफ किती सरकेल याचाही अंदाज लागतो. सीओईपी कॉम्प्युटरसारख्या जागा पहिल्या फेरीनंतर फारशा हलत नाहीत. आयआयटी-एनआयटीच्या जोसा फेऱ्या जुलैत उरकतात, त्यामुळे तिकडे जाणारे बरेचसे आधीच गेलेले असतात. हालचाल होते ती मधल्या पट्ट्यात: कोणी एनआयटीच्या उरलेल्या जागांच्या विशेष फेरीत जातं, कोणी खासगी विद्यापीठात, आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीमागे तीन-चार जण एकेक पायरी वर सरकतात. म्हणून डळमळीत पर्यायाची तुलना पहिल्या फेरीच्या कट-ऑफशी आणि शेवटच्या फेरीच्या कट-ऑफशी वेगवेगळी करावी. पहिल्याच्या आत असाल तर लगेच मिळेल. दोन्हींच्या मध्ये असाल तर धीर धरावा लागेल, आणि धीर धरायचा तर हातात एक स्वीकारलेली जागा हवी.

घरच्यांना शेवटी लिहून दिलेलं उत्तर असं होतं. वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं तर सीओईपीत कोणत्या ना कोणत्या शाखेत प्रवेश पक्का. मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन अर्ध्याच्या आसपास, तेही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स नाही. वैधता आली नाही तर सीओईपीतलं काहीच पक्कं नाही, आणि शुल्कमाफीही जाते.

चौथ्या फेरीचा अर्ज वेगळा भरायचा आहे, हे त्याच कागदावर खाली लिहिलं. त्या फेरीत जे मिळेल ते अंतिम असतं. तोवर सवयीने तसेच राहिलेले पर्याय, म्हणजे जिथे ती प्रत्यक्षात जाणार नाही ती दोन दूरची महाविद्यालयं आणि काकांच्या आग्रहाने घातलेलं एक, त्या अर्जातून काढून टाकायचे. उरलेल्या प्रत्येक नावापुढे आई-वडिलांनी वसतिगृहाचा खर्च लिहायचा आणि मुलीने एक शब्द: जाईन.